जागा नसलेला स्क्रू

स्क्रू चटईतून पडला. मिस्त्रीने ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी चटई बाहेर काढून झटकली, तेव्हा फरशीवर टण्ण असा एक बारीक आवाज झाला आणि स्क्रू स्वतःभोवती फिरत फिरत त्याच्या चपलेपाशी येऊन थांबला. गाडी तोवर तयार होती. डॅशबोर्ड जागेवर बसला होता, बॅटरीची वायर जोडून झाली होती, किल्ली फिरवल्यावर सगळे लाल-पिवळे दिवे लागून एकेक करून शहाण्यासारखे विझले होते, आणि नव्या कूलिंग कॉइलवरून हवा इतकी झकास गार येत होती की मिस्त्री कारण नसताना जरा वेळ सीटवर टेकून तोंडावर ती हवा घेत बसला होता. चटई झटकणं हे शेवटचं काम. गिऱ्हाईक त्याबद्दल काही बोलत नाही, पण चटईवर धूळ दिसली तर आतल्या कामाबद्दल शंका घेतं. तेवढा आळस केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं, असं त्याला नंतर वाटलं. आणि मग असंही वाटलं की झालं ते आधीच झालेलं होतं, चटईचा काय दोष.

त्याने स्क्रू उचलून उजेडात धरला. डोक्याखाली करडी चकती, कंपनीतून येते तशी, स्क्रूलाच जोडलेली. म्हणजे रस्त्यावरून कुणाच्या बुटाला चिकटून आलेला नव्हे, याच डॅशबोर्डच्या जातीचा. तो भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्याकडे गेला. डॅशबोर्ड काढायचा म्हणजे त्याची एक रीत होती, वडिलांकडून आलेली. फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर खडूने डॅशबोर्डची आकृती काढायची: इथे मीटर, इथे खण, इथे स्टिअरिंगचा दांडा, ही डावी कड, ही उजवी. मग जो स्क्रू जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवायचा. बाकीचे लोक वाटीत भरतात, फोटो काढतात, काही जण तर नुसते खिशात कोंबतात आणि मग देवाच्या भरवशावर बसवतात. याच्या पुठ्ठ्यावर प्रत्येकाला आपापली जागा. परत बसवताना पुठ्ठा रिकामा झाला की काम झालं, डोक्याला ताप नाही. पुठ्ठा आता रिकामाच होता. नुसती भोकं. त्याने प्रत्येक भोकावरून बोट फिरवलं. सगळे स्क्रू गेले होते जिथे जायचे तिथे, आणि तरी हा एक त्याच्या हातात होता.

शेजारचा वेल्डर चहाचा कप घेऊन आला. डॅशबोर्ड उचलताना दुसरं टोक धरायला तोच येई, आणि त्या बदल्यात दिवसभर सल्ले देण्याचा हक्क त्याने मिळवलेला होता. ‘‘काय झालं? सापाचं पिल्लू सापडल्यासारखे काय बघताय त्याच्याकडे?’’

‘‘उरला,’’ मिस्त्री म्हणाला.

‘‘मग उरू दे की. कंपनीवाले दोन-चार जास्तीचेच लावतात. आमच्या मेव्हण्याने घरी पंखा खोलला, निम्मे उरले. अजून फिरतोय पंखा.’’

‘‘तुझ्या मेव्हण्याकडे पुठ्ठा होता का?’’

‘‘मेव्हण्याकडे अक्कल नव्हती, पुठ्ठा कुठला असायला,’’ असं म्हणून वेल्डर स्वतःच हसला आणि मिस्त्री हसत नाही हे पाहून कप घेऊन परत गेला.

एका स्क्रूने डॅशबोर्ड पडत नाही, हे मिस्त्रीला कुणी सांगायला नको होतं. फार तर खडखडतो. गिऱ्हाईक महिन्याभराने येऊन म्हणतं, आवाज येतोय. आपण एक पट्टी घालून देतो. त्याला डॅशबोर्डची काळजी नव्हती. वडिलांच्या विसरण्याची सुरुवात अशी झाली होती, याची होती. वडिलांचं गॅरेज याच गल्लीत, चार दारं पलीकडे होतं. त्यांच्या हाताला यश होतं असं लोक म्हणत, आणि ते खरंही होतं. मग एका दिवशी त्यांच्या पुठ्ठ्यावर एक स्क्रू राहिला. गाडी निघून गेलेली, पुठ्ठा भिंतीला, आणि त्यावर मीटरच्या जागी तो एकटा टोचलेला. वडील पाहून खो खो हसले होते. ‘‘याला घरी जायचं नव्हतं,’’ म्हणाले होते, आणि तो त्यांनी पत्र्याच्या डब्यात टाकला. पुढे तो डबा भरत गेला. पुढे त्यांनी पुठ्ठाच करायचा सोडला, म्हणाले, माझ्या डोक्यात आहे सगळं. एकदा त्यांनी हातातला पान्हा वर धरून त्याच्याकडे पाहिलं. नजर अगदी सभ्य, एखाद्या अनोळखी माणसाला रस्ता विचारावा तशी. तो तेव्हा बावीस-तेवीसचा असेल. त्याला वाटलं वडील थट्टा करतायत. तो हसला. आजही त्याला त्या हसण्याची लाज वाटे, पण लाज वाटून उपयोग काय, तेव्हा हसू आलं होतं हे खरं. वडिलांना सुरुवात झाली त्या वयाला तो स्वतः आता पोचला होता. वाढदिवशी त्याने हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नुसता आरशात पाहून दाढी करताना गालावरची कातडी ओढून धरली होती आणि मनात म्हटलं होतं, बघू.

म्हणून तो पुठ्ठ्यापुढे उभा राहिला आणि कालपासूनचं सगळं काम उलट्या क्रमाने डोक्यातून नेऊ लागला. बॅटरी. त्याआधी मीटर. त्याआधी दोन्ही कडांचे मोठे बोल्ट. त्याआधी वेल्डर आणि तो, एकेक टोक धरून, दरवाजातून डॅशबोर्ड आडवा करून आत घेताना. वेल्डरचा अंगठा चिमटला आणि त्याने गाडीला शिवी दिली. सगळं स्वच्छ आठवत होतं. काढतानाचंही आठवत होतं. डाव्या कडेला, खणाच्या मागे, कंपनीचा नव्हे असा एक काळा स्क्रू निघाला होता, जरा जाड डोक्याचा, आणि तेव्हा तो मोठ्याने म्हणाला होता, ‘‘कुठल्या धांदरटाने हात घातलाय आधी, कोण जाणे.’’ आतमध्ये लोखंडी आडव्या दांड्यामागे वायरींचा जुडगा कापडाने बांधलेला होता, वायर पत्र्यावर घासून वाजू नये म्हणून; कापडाची फक्त गाठ दिसत होती. ती गाठ पाहून मात्र त्याला बरं वाटलं होतं. असं कापड फक्त त्याचे वडील बांधत. धांदरट असला तरी वडिलांच्या हाताखालून गेलेला दिसतोय, असं त्याच्या मनात आलं होतं. हे इतकं सगळं आठवतं त्या माणसाला एक स्क्रू आठवू नये? की आठवतंय असं वाटणं, हेच तर त्यातलं दुखणं? वडीलही म्हणतच होते, माझ्या डोक्यात आहे सगळं.

त्याने गाडीच्या मालकिणीला फोन केला. दातांच्या डॉक्टर होत्या, पलीकडच्या चौकात दवाखाना. गाडी उद्या नाही, परवा मिळेल, असं त्याने सांगितलं. ‘‘का हो?’’ त्या म्हणाल्या, पण रागाने नव्हे. ‘‘जरा खात्री करून घेतो.’’ ‘‘घ्या, घ्या. तुमचं काम चोख असतं, मला माहीत आहे ना.’’ गाडी सोडायला आल्या तेव्हाही त्या असंच काहीतरी गोड बोलल्या होत्या. मागच्या वेळी तुमच्या त्या मोडक्या खुर्चीत बसून मी अख्खं मासिक वाचलं, यंदा खुर्ची दिसत नाही, असं म्हणून इकडेतिकडे पाहत होत्या. तो मान हलवून हसला होता. गिऱ्हाइकं चार गॅरेजं फिरतात आणि एकाच्या गोष्टी दुसऱ्याला सांगतात. आणि मोडकी खुर्ची कुठल्या गॅरेजात नसते? त्याच्याकडेही होतीच, मागे कधीतरी भंगारात दिली.

घरी बायको मशीनवर बसली होती. ती लोकांचे कपडे दुरुस्त करून देई. चेन बसवणं, बाही आखूड करणं, जुन्या कोटाचं अस्तर. बोलताना ती वर पाहत नसे, सुईकडे पाहत असे, आणि त्यामुळे तिचं बोलणं नेहमी सहज वाटे, जणू मशीनच बोलतंय. ‘‘झाली का गाडी?’’ ‘‘झाली. उद्या परत खोलणार.’’ मशीन थांबलं. ‘‘का?’’ ‘‘असंच, एक आवाज वाटतोय.’’ मशीन सुरू झालं. तो हातपाय धुऊन आला, तिने पान वाढलं, आणि घास घेता घेता म्हणाली, ‘‘अहो, मागच्या रविवारी आपण कुणाकडे गेलो होतो?’’

त्याला हसू आलं. वर्षभरात हे असं सुरू झालं होतं. बायको विसरायला लागली होती. लेकीच्या घराचा मजला कितवा, तिच्या सासऱ्यांना कसला त्रास होता, परवा दाराशी कोण आलं होतं, असं काहीबाही मध्येच विचारी, आणि त्याने उत्तर दिलं की मान डोलावून पुन्हा कामाला लागे. उत्तर देताना त्याला, खरं सांगायचं तर, बरं वाटे. घरातलं एक माणूस विसरतंय आणि ते आपण नव्हे, यात एक कोता आनंद होता, आणि तो आनंद आहे हे त्याला कळतही होतं. ‘‘तुझ्या मावसबहिणीकडे,’’ तो म्हणाला. ‘‘तिने नवा पडदा दाखवला, आणि तू घरी येऊन त्याला नावं ठेवलीस. अगं, वय झालं तुझं.’’

‘‘झालं खरं,’’ ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, ‘‘आणि तो तुमचा निळा चौकड्यांचा शर्ट? तो कुठे गेला असेल हो?’’

‘‘तुझ्याच कपाटात असेल कुठेतरी. किती वेळा विचारशील?’’

 त्या शर्टाचं तिने असंच मनाला लावून घेतलं होतं. शर्ट तिनेच शिवलेला. डाव्या मनगटाचं बटण तुटलं तेव्हा घरात जुळणारं बटण नव्हतं, आणि त्याला धीर नव्हता, म्हणून तिने एका कोटाचं मोठं तपकिरी बटण लावून दिलं होतं. निळ्या शर्टावर ते इतकं विचित्र दिसे की वेल्डर त्याला रोज वेळ विचारायचा, मनगटावर घड्याळच बांधलंय असं समजून. तो शर्ट आता कुठे होता, हे काही त्याला सांगता येत नव्हतं. बाकी सगळ्याची उत्तरं त्याच्याकडे होती. शर्ट कपाट लावणाऱ्याने शोधावा, असं त्याचं म्हणणं.

झोपायला गेल्यावर त्याला आई आठवली, ती वडिलांमुळेच. वडिलांचं बिघडत चाललं होतं त्या दिवसांत आई अंगणातल्या पायरीवर मटार सोलत बसे आणि वडील समोर खुर्चीत. तिचंही तेव्हा सुरू झालं होतं. ‘‘अहो, काल कोण आलं होतं हो आपल्याकडे?’’ ती विचारी. वडील आभाळाकडे पाहत आठवत. कधी सांगत, कधी म्हणत, आलं होतं कुणीतरी. ‘‘धाकट्या नणंदेचं गाव कुठलं हो?’’ ‘‘तुला इतकंही आठवत नाही?’’ वडील खूश होऊन म्हणत आणि गावाचं नाव सांगत, कधी बरोबर, कधी भलतंच. तो एकदा चिडून आईला म्हणाला होता, ‘‘आई, निदान तू तरी नको. दोघं मिळून विसरलात तर मी कुणाकडे बघू?’’ ती म्हणाली होती, ‘‘वय झालं रे,’’ आणि शेंगेतले दाणे अंगठ्याने भांड्यात ढकलले होते. आमच्याकडे दोघांचंही तसंच, असं तो पुढे लोकांना सांगत आला. वडील गेल्यावर आईचं विसरणं आपोआप थांबलं. पुढची कितीतरी वर्षं तिला सगळ्या नातवंडांच्या जन्मवेळासुद्धा पाठ होत्या. त्याने आणि सगळ्यांनी म्हटलं, डोक्यावरचं ओझं उतरलं बिचारीच्या. मटारांच्या टरफलांचा तो ओलसर हिरवा वास आठवत तो झोपला.

सकाळी त्याने गाडी पुन्हा खोलायला घेतली. झालेलं काम खोलणं हे नव्या कामाहून जड जातं, कारण हात कुरकुरतात. बॅटरीची वायर काढून तो नियमाप्रमाणे थांबला, एअरबॅगमधला करंट उतरेपर्यंत. मग स्टिअरिंग, मीटर, खण, गार हवेची तोंडं, एकामागून एक. नवा पुठ्ठा केला. खडूची रेघ जरा थरथरत होती असं त्याला वाटलं, मग वाटलं की नेहमीच थरथरत असेल, आज पाहिली एवढंच. प्रत्येक स्क्रू काढताना तो त्याचं डोकं पाहत होता, चकती पाहत होता, जागा मोजत होता. सगळे होते. मीटरचे होते, मधल्या खांबाचे होते, काचेखालचे होते. डाव्या कडेला खणाच्या मागे पुन्हा तो काळा, जाड डोक्याचा परका स्क्रू निघाला, आणि आता तो काढून हातात धरल्यावर मिस्त्रीच्या लक्षात आलं की त्या भोकात बसायला हवा होता तो करड्या चकतीचा स्क्रू दुसऱ्या हातात आहे. म्हणजे कालच्या बसवण्यात उरलेला हा नव्हताच. हा मागे कधीतरी त्या धांदरटाच्या हातून आत घरंगळला असणार, त्याला सापडला नसणार, आणि त्याने आपल्या डब्यातला एक काळा ठोकून दिला असणार. इतकी वर्षं, की महिने, तो आत हवेच्या नळीत कुठेतरी अडकून राहिला, आणि परवा डॅशबोर्ड आडवा केल्यावर चटईवर पडला. इतकं साधं. मिस्त्रीने मोठ्याने ‘‘हात्तिच्या’’ म्हटलं. त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की त्याने वेल्डरला हाक मारून चहा सांगितला, स्वतःच्या पैशाने, जे वेल्डरच्या माहितीत फार क्वचित घडत असे.

दोघांनी मिळून डॅशबोर्ड बाहेर काढला आणि जुन्या गादीवर ठेवला. खरं म्हणजे आता काढायची गरज नव्हती. तो काळा स्क्रू बदलला असता आणि वरची झाकणं लावली असती तर झालं असतं. पण इतकं खोललंय तर आत एकदा नीट पाहून घ्यावं, दुसरं काही घरंगळलेलं राहायला नको, असा त्याने विचार केला. मनात एक उमाळाही होता, कामाबद्दलचा, त्या धांदरटापेक्षा आपण बरे असल्याचा. वेल्डर चहा पिऊन गेला. डॅशबोर्ड नसलेल्या गाडीत बसलं की समोर नुसता लोखंडी दांडा, पंख्याचं काळं खोकं आणि वायरींचे जुडगे असतात. गाडीचं सगळं हसरं तोंड बाजूला ठेवलेलं असतं. त्याने विजेरी लावली. दांड्यामागची ती कापडाची गाठ दिसली, वडिलांच्या पद्धतीची. आत हात घालून त्याने जुडगा जरा पुढे ओढला, कापड झिजलंय का पाहायला, आणि अंगठ्याने वरची धूळ पुसली. खाली निळं कापड होतं. चौकड्यांचं. त्याने आणखी पुसलं. कापडाचं दुसरं टोक म्हणजे शर्टाच्या बाहीचं मनगट होतं, न उसवता तसंच गुंडाळलेलं, आणि त्यावर एक मोठं तपकिरी बटण होतं.

तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. पाठीत कळ आली तेव्हा सरळ झाला. बटण त्याच्या बायकोने चार भोकांतून फुलीसारखं शिवलेलं होतं, ती नेहमी शिवते तसं. या गाडीत तो आधी आला होता. या दांड्यामागे याच हाताने हा जुडगा बांधला होता, या हाताने एक स्क्रू आत पाडला होता आणि हळूच काळा ठोकला होता. त्याने आठवायचा प्रयत्न केला. गाडी राखाडी. मोडकी खुर्ची. दातांची डॉक्टर, मासिक वाचत बसलेली. तो त्या गोष्टी एकेक करून डोक्यात ठेवून पाहत होता, आणि त्या सगळ्या ऐकीव वाटत होत्या, कालपरवा त्या बाईंनी सांगितलेल्या. आतून काही वर येत नव्हतं. पुठ्ठ्यावर त्या जागी भोकच नव्हतं. त्याला भीती वाटली, अगदी साधी भीती, अंधारात पायरी संपल्यावर आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा तशी. मग भीतीही उतरली. त्याने विजेरी बंद केली. कापड सोडवलं नाही, चांगलं बांधलं होतं, आणखी दहा वर्षं हललं नसतं.

बाकीचा दिवस त्याने दुसऱ्या गाडीची चाकं काढण्यात घालवला. चाकं सोपी असतात. संध्याकाळी घरी गेला, मशीन चालू होतं, बायकोचा चष्मा नाकावर घसरलेला होता. तो दारातच उभा राहून म्हणाला, ‘‘तुझा तो शर्ट सापडला.’’

मशीन थांबलं. तिने सुईवरून नजर उचलली नाही. तशीच म्हणाली, ‘‘राखाडी गाडीत ना?’’

त्याने चपला काढल्या. एक उलटी पडली, ती पायाने सुलटी केली. गाडीचं नाव त्याने काढलेलं नव्हतं. ‘‘तुला ठाऊक होतं,’’ तो म्हणाला.

‘‘कात्री माझीच होती. मी डबा घेऊन आले होते त्या दिवशी. बाहीचा कोपर फाटला होता म्हणून चिंधीला आणला होता मी तो. तुम्ही म्हणालात, दे इकडे, बटणासकट दे, गाठीला बरं. त्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. माझी दाढ दुखत होती तर त्यांनी तिथेच तोंड उघडायला लावलं मला. तुम्ही किती हसलात.’’

‘‘मी हसलो?’’

‘‘पोट धरून.’’

तो खाली सतरंजीवर बसला. ‘‘मग वर्षभर शर्ट शोधत का होतीस?’’

आता तिने चष्मा काढला आणि पदराऐवजी हातातल्या अस्तराच्या तुकड्याने पुसला. ‘‘मी कुठे शोधत होते? तुम्ही शोधत होतात. एक दिवस सकाळी सगळं कपाट उपसलंत, शर्ट कुठे ठेवलास म्हणून माझ्यावर ओरडलात. मला वाटलं, चेष्टा करताय.’’ तिचा आवाज तसाच होता, मशीनसारखा. ‘‘मग मी अधूनमधून विचारत गेले. शर्टाचं, आणि बाकीचंही. म्हटलं, येईल एखाद दिवशी. बाकीचं सगळं बरोबर सांगत होतात तुम्ही. पडद्याचंसुद्धा. शर्ट तेवढा येत नव्हता.’’

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला पायरीवरची आई दिसली, मांडीवर भांडं, भांड्यात हिरवे दाणे, नजर शेंगेकडे. अहो, काल कोण आलं होतं? तिला काल कोण आलं होतं ते माहीत होतं. धाकट्या नणंदेचं गाव माहीत होतं. ती एक दिवससुद्धा काही विसरलेली नव्हती. रोज त्या पायरीवर बसून ती आपल्या नवऱ्याचं किती उरलंय ते चाचपून पाहत होती, आणि मुलगा रागावला तेव्हा वय झालं म्हणाली होती. तीस वर्षं तो लोकांना सांगत आला की आमच्याकडे दोघंही. त्याला रडू आलं. ते वडिलांसाठी नव्हतं, स्वतःसाठीही नव्हतं, पायरीवरच्या त्या बाईसाठी होतं, आणि ती आता समजूत घालायला जिवंत नव्हती. तो रडला. फार नाही. बायकोने मशीनचा दिवा बंद केला आणि उठून त्याच्याजवळ येऊन बसली, जवळ म्हणजे हात लागेल इतकी, पण हात तिने लावला नाही. दोघांचीही ती सवय नव्हती.

‘‘लेकीला सांगितलंस?’’ त्याने विचारलं.

‘‘नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय कसं सांगणार?’’

‘‘आणि मला कधी सांगणार होतीस?’’

ती पानं घ्यायला उठली. जेवताना तिने काही विचारलं नाही. ती शांतता त्याला त्या प्रश्नांपेक्षा जड गेली. डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं, तपासून घ्यायचं, असं काय काय पुढे व्हायचं होतं, ते दोघांनाही कळत होतं आणि दोघांनीही भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

सकाळी वेल्डर नेमका कुठे तरी गेला होता. मिस्त्री एकटाच गॅरेजमध्ये डॅशबोर्डभोवती फेऱ्या मारत होता, तर बायको आली, हातात डबा. डबा तिने खिळ्याला अडकवला, साडीचा पदर खोचला आणि विचारलं, ‘‘कुठून धरू?’’ त्याने दाखवलं. तिने धरलं. हात कापड धरल्यासारखे, खालून, बोटं पसरून. वेल्डरपेक्षा कितीतरी नीट. दोघांनी तो लांबलचक काळा डॅशबोर्ड दरवाजातून आडवा आत घेतला, सरळ केला, दांड्यावर टेकवला, आणि वायरींचा तो निळा जुडगा त्याच्यामागे दिसेनासा झाला. मग तो एकेक स्क्रू पुठ्ठ्यावरून उपटत गेला आणि ती विजेरी धरून बसली. उजेड ती बरोबर भोकावर टाकत होती, न सांगता. डाव्या कडेला, खणाच्या मागे, त्याने करड्या चकतीचा स्क्रू त्याच्या स्वतःच्या जागी पिळला. तो सरसर गेला, भोकातले आटे त्याला ओळखत असल्यासारखा. मीटर बसला, झाकणं बसली, बॅटरी लागली, दिवे लागून विझले. पुठ्ठा रिकामा झाला. फक्त तो काळा, जाड डोक्याचा स्क्रू खाली फरशीवर होता, गादीच्या कडेला.

बायकोने तो उचलला आणि तळहातावर घेतला. ‘‘हा कुठला हो?’’

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती स्क्रूकडे पाहत होती, आवाज नेहमीचा, सहज. तिला खरंच माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि ती पाहत होती, हे त्याला कळेना. हे आता त्याला कधीच कळणार नव्हतं. ती मीठ कुठे आहे विचारील तेव्हाही नाही. तिने हात तसाच पुढे धरून ठेवला होता आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत होती.

‘‘माझा,’’ तो म्हणाला. ‘‘मीच लावला होता.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली, आणि तो तिने आपल्या पर्समध्ये, कात्रीच्या कप्प्यात टाकला.